उपाशी गाडी

“नीट धरून बस.”

हे तीन शब्द मी जन्मभर ऐकत आले. दोन वर्षांची असताना पोलिओनं माझा डावा पाय नेला आणि तेव्हापासून मी कुणाच्या तरी मागे बसूनच जगात हिंडले. आम्ही चिखल्याला मॅंगनीजच्या खाणीच्या कॉलनीत राहायचो तेव्हा बाबांच्या सायकलचं कॅरिअर, कॉलेजात मैत्रिणीची मोपेड, नोकरी लागल्यावर धाकट्या भावाची मोटरसायकल. मागे बसणाऱ्याला जग बाजूनं दिसतं. समोर काय येतंय ते पुढच्याची पाठ दिसू देत नाही, आणि खड्डा आला की तो आधी पुढच्याला कळतो, मग आपल्या कमरेला. मला पाठीवरून माणसं ओळखता येतात असं मी गमतीनं सांगते, पण त्यात गंमत थोडी आणि राग जास्त आहे. राग मला लवकर येतो. मी शिकवते त्या शाळेतली पोरं मला माझ्या माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही.

बाबा खाणीत कॉम्प्रेसरवर होते. जमिनीखाली ड्रिल चालवायला दाबाची हवा लागते, ती पुरवणारं मशीन त्यांच्या ताब्यात असायचं. तीस वर्षं त्यांनी त्या मशीनचा आवाज ऐकला आणि आवाजावरूनच त्याचं दुखणं ओळखलं. निवृत्त झाले आणि आम्ही कोंढ्याला, आमच्या मूळ गावी आलो. इथल्याच शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळा घरापासून जवळ, पायात कॅलिपर आणि हातात कुबडी असली की माझी मी पोचते.

शेत मात्र तलावापलीकडे. आधी पांदण, म्हणजे चिखलाची शेतवाट, मग तलावाच्या पाळीचा उभा चढ, पाळीवरून पलीकडे उतार, आणि पुढे बैलगाडी जाईल एवढ्या मोठ्या बांधावरून, धुऱ्यानं, धानाच्या बांद्यांपर्यंत, म्हणजे आमच्या भातखाचरांपर्यंत. बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर मला डांबरी रस्त्यापुरती चालली असती, या वाटेवर नाही. आमच्या घरी एक रीत आहे. रोवण्याच्या, भातलावणीच्या, पहिल्या दिवशी पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पहिली पेंढी घरच्या माणसानं आपल्या हातानं चिखलात रोवायची, मग कामाच्या बाया बांदीत उतरायच्या. आजोबांनंतर ती बाबांनी रोवली. मी ती रोवताना कधी पाहिलीसुद्धा नव्हती. त्या दिवशी मी घरी राहून डबे भरायची.

मग बाबांचे गुडघे गेले. भाऊ नागपूरला नोकरीला. उन्हाळ्यात तो आला आणि जेवताना त्यानं विषय काढला.

“ताई, शेती ठेक्यानं देऊन टाकू. मानूस पाहून ठेवला मी. बाबाकडून होत नाई आता.”

“अना मी काय मेली काय?”

“तसं नाई म्हणत मी. पण तू तिकडं जाशील कशी? दररोज कोन नेईल तुले?”

त्याचं म्हणणं वाईट नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट असतं तर भांडता आलं असतं. बाबा खाली मान घालून भात कालवत होते. मी म्हटलं, शेती मी करणार. तोही माझाच भाऊ, तोही हट्टाला पेटला. शेवटी ठरलं ते असं: रोवण्याच्या पहिल्या दिवशी मी आपली आपण, कुणाच्या मागे न बसता, बांदीवर येऊन उभी राहिले तर शेती माझ्याकडे. नाहीतर त्याच दिवशी तो त्या ठेकेदाराला होकार देणार. “मंजूर,” मी म्हटलं. बाबा ताटातला भात तसाच ठेवून उठले.

चारच दिवसांनी बाबांनी बपेऱ्याला फोन लावला. खाणीतला त्यांचा एक जुना सोबती तिकडे राहतो, आणि त्याच्या ओळखीचा एक माणूस जुन्या गाड्यांचा धंदा करतो. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, घरात अजून खिरीचं पातेलं रिकामं व्हायचं होतं तेव्हा, एका टेम्पोतून ती गाडी आमच्या दारात उतरली.

चार जाड, खाचांचे टायर, मधे घोड्यासारखी टांग टाकून बसायची सीट, मागे लोखंडी कॅरिअर, हँडल मोटरसायकलचं. पर्यटकांना फेऱ्या मारायला ठेवतात तसली. गिअर नाही, क्लच नाही, सुरू करायला बटण, पायाचं काहीच काम नाही. रेससुद्धा मुठीनं पिळायची नाही, उजव्या अंगठ्यानं दाबायची. मी तिच्यावर बसले, अंगठा दाबून पाहिला आणि मला रडू आलं. कुणीतरी माझं शरीर समोर ठेवून ही गाडी केली आहे असं वाटलं. गावानं तिला तासाभरात नाव दिलं, खेकडा. मला ते आवडलं, कारण खेकडा चिखलात चालतो.

गाडीसोबत एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर विकणाऱ्यानं गाडी कुठून आली ते घाईघाईत लिहिलं होतं: “चिखल.” चिखल आणि पुढे एक टिंब. बाबांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा फुलला.

“पाह्य बरं! आपल्या चिखल्याची गाडी होय. खाणीत कोन्या साहेबानं घेतली असंल फिराले.”

आम्ही कुणीच दुसरा विचार केला नाही. बपेऱ्याहून चिखला जवळ, तालुका एक, आणि बाबांच्या आयुष्यातली तीस वर्षं त्या गावात गेलेली. आमच्या घरात चिखल म्हटलं की दोनच अर्थ होतात, एक बांदीतला आणि एक बाबांचा. बाबांनी ती चिठ्ठी जपून कपाटात ठेवली. सोयरीक जुळल्यासारखा त्यांना आनंद झाला होता.

गाडीचं इंजिन टू-स्ट्रोक. आता अशा गाड्या फारशा दिसत नाहीत, पण पूर्वीच्या फटफट्या आठवत असतील त्यांना हे माहीत असेल: यात पेट्रोलमध्येच तेल मिसळून टाकायचं, तेच तेल इंजिनाला आतून वंगण देतं आणि जळून धूर होऊन बाहेर पडतं. गाडी सुरू व्हायची छान. हळू चालवली तर अंगणात गोल गोल फिरायची. पण अंगठा पूर्ण दाबला की ओरडायच्या ऐवजी ती “बुऽऽ” करून गळून जायची. पांदणीत हे चालून गेलं असतं, पाळीच्या चढावर नाही. तिथं पूर्ण जोर लागतो. चढाच्या मध्यावर आली की खेकडा दम सोडायचा, मी ब्रेक दाबून उलटी उलटी खाली यायची, आणि पाळीवर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून पाहायच्या.

पवनीचे एक मिस्त्री टू-स्ट्रोकसाठी या बाजूला नावाजलेले. पांढऱ्या मिशा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि स्वतःच्या हातावर पूर्ण विश्वास. ते आले, त्यांनी बाबांना जयभीम घातला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि पहिलाच प्रश्न विचारला:

“गाडी कुठली?”

“चिखल्याची,” बाबांनी छाती काढून सांगितलं.

“मग धूळ गेली आतमंधी. खाणीची धूळ बेक्कार.”

झालं. त्यांनी एअर फिल्टर धुतला, कार्बोरेटर उतरवला. हवा आणि पेट्रोल किती मिसळायचं ते तिथं ठरतं. त्याच्या पोटात पितळेचा एक छोटा तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. जेटच्या मधोमध केसाएवढं भोक, आणि पूर्ण रेसवर इंजिनाला मिळणारं पेट्रोल त्या भोकातून जातं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, लहान तर कमी. मिस्त्रींनी जेट फुंकून पाहिलं, डोळ्यासमोर धरलं, “साफ हाय” म्हणाले आणि होतं तसं परत बसवलं. गाडी धूर काढत होती, म्हणजे पेट्रोल जास्त पीत होती, असा त्यांचा हिशोब. म्हणून त्यांनी कार्बोरेटरची सुई एक घर खाली केली, म्हणजे पेट्रोल आणखी कमी. आणि इंजिन तापतं आहे असं मी सांगितल्यावर म्हणाले, “तेल वाढवा. टू-स्ट्रोकचं इंजन तेलावर जगते.”

मी म्हटलं, “पण मिस्त्री, धूर तर तेलाचाच आहे ना? पेट्रोलचा कशावरून?”

“मॅडम, तुमी खडू धरा. कारबेटर मले धरू द्या.”

मी गप्प बसले. मला अजूनही त्याचा राग येतो, त्यांचा नाही, माझा. वर्गात एखाद्या पोरीनं असा प्रश्न विचारला असता तर मी तिला पुढच्या बाकावर बसवली असती.

मे संपला, जूनही गेला. आम्ही तेल वाढवत गेलो आणि गाडी आणखी धूर काढत गेली. खेकडा येतो आहे हे गावाला आधी वासानं कळायचं. मग एका सकाळी मी ठरवलं की आज पाळ चढायचीच. लांबून वेग घेतला, अंगठा पूर्ण दाबला आणि सोडलाच नाही. गाडी रडत, थांबत, पुन्हा उचल खात चढली. तीन चतुर्थांश चढ मागे पडला होता, पाळीचा माथा दिसत होता, आणि एकाएकी आतून लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि सगळं थांबलं. चाकं फिरेनात, बटण दाबून इंजिन हलेना. इंजिन जाम.

कुबडी मी कॅरिअरला बांधली होती, ती दोरीतून सुटून उतरावर घसरत तलावाच्या काठाला गेली. मी पाळीवर गाडीशेजारी बसून राहिले. शेवटी पऱ्हे उपटायला चाललेल्या बायांची ट्रॅक्टर-ट्रॉली आली. त्या उतरल्या, दोघींनी मला बगलेत धरून वर चढवलं, बाकीच्यांनी गाडी दोराला बांधली. ट्रॅक्टरवाला वळून म्हणाला, “मॅडम, नीट धरून बसा बरं.” त्याला काय माहीत. मी ट्रॉलीचा लोखंडी दांडा असा धरला की दोन दिवस हाताला त्याचा वळ होता.

संध्याकाळी भावाचा फोन आला. गावातून कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळू आवाजात विचारलं, “ताई, लागलं तर नाई ना?” आणि मग, “राहू दे आता. त्या मानसाले हो म्हणून देतो मी.”

“आपला रोवणा सुरू झाला काय?” मी विचारलं.

“नाई अजून.”

“मग अजून दिवस आहेत,” म्हणून मी फोन ठेवला. नंतर उशीत तोंड खुपसून रडले, तेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिनाचं डोकं उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, पण पिस्टन वाचण्यासारखा होता. ते घासू लागले आणि बाबा स्टुलावर बसून पाहत राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला आजवर कुणी विचारलेल्या प्रश्नांत सगळ्यात चांगला वाटतो.

“मिस्त्री, एक सांगा गा. तेलात न्हाऊन राहिली ही गाडी. मग जाम झाली कशी?”

मिस्त्रींच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. “होते कधी कधी,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी मात्र तिथंच अडकले. पेट्रोलमध्ये तेल वाढवलं तर काय होतं? जेटचं भोक तेवढंच. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल जास्त, म्हणजे पेट्रोल कमी. आणि हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं की आच फार कडक होते, पेट्रोलचा ओलावा जो गारवा देतो तो मिळत नाही, पिस्टन फुगतो आणि अडकतो. आम्ही तापणाऱ्या गाडीला थंड करायला तेल पाजत होतो आणि त्यानंच तिचा घास काढून घेत होतो. मी हे मोठ्यानं बोलले. मिस्त्री म्हणाले, “पन प्लग तर काळा येते. काळा म्हणजे जास्त पिते.”

“प्लग तुमी पाहता कवा?” बाबांनी विचारलं. “घरी आणून, आरामात उभी केल्यावर. खाणीत मशीन चालू असतानी तब्येत पाहत होतो आमी. बंद झाल्यावर सगळेच चांगले दिसतेत.”

मग घासाघासीत माझं लक्ष सीटखालच्या खोबणीकडे गेलं. मिस्त्रींनी सीट काढून बाजूला ठेवली होती. खोबणीत सुकलेली पानं, एक तुटलेली रबरी क्लिप आणि कागदाचा चोळामोळा. मी तो उलगडला. तिकिटाचा अर्धा तुकडा. वरचं नाव फाटलेलं, खाली छापलेलं: “… पॉइंट. एक फेरी. एक व्यक्ती.”

“बाबा, चिखल्याला पॉइंट आहे कोणता?”

“पॉइंट?” बाबा हसले. “चिखल्यात मानूस खाली जाते, वर नाई जात. पॉइंट कायचा?” आणि मग ते हसायचे थांबले. त्यांनी वाकून मडगार्डच्या आतली वाळलेली माती नखानं खरवडली आणि बोटांवर चोळली. तांबूस माती. मॅंगनीजची धूळ काळी असते, ती एकदा चिकटली की साबणालासुद्धा दाद देत नाही. आई बाबांचे कपडे धुवून धुवून थकली, पण ते काळेच राहिले. आमच्या घरात हे कुणालाही ठाऊक आहे.

“ही चिखल्याची माती नोहे,” बाबा म्हणाले.

पिवळी चिठ्ठी कपाटातून काढली. चिखल, आणि टिंब. मला शाळेची सहल आठवली. पोरं सगळे पॉइंट पाहून येईपर्यंत मी बसमध्ये बसून होते, खिडकीतून ढग आत येत होते, आणि खाली पर्यटकांना असल्याच चार टायरच्या गाड्या फिरवत होत्या. चिखलदरा! आमच्याकडून शेकडो मैल दूर, उंच डोंगरावर. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणी ती चिठ्ठी वाचली असती तर त्याला पहिल्यांदा चिखलदराच सुचलं असतं. चिखला सुचायला चिखल्याचंच असावं लागतं.

मी इतकी हसले की मला स्टूल धरावं लागलं.

“काहून हसून राहिली वो?” बाबा घाबरले.

वर गेलं की हवा विरळ होते. हे मी गेली वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. डोंगर काढते, त्यावर ठिपके काढते, खाली दाट, वर विरळ. चिखलदऱ्याला हवा पातळ, म्हणून तिथल्या मिस्त्रीनं पेट्रोलही कमी व्हावं म्हणून लहान भोकाचं जेट टाकलं असणार. त्याचं बरोबरच होतं. मग गाडी खाली आमच्या दाट हवेत आली, हवा पोटभर आणि पेट्रोल तेवढंच डोंगरावरचं. गाडी जास्त पीत नव्हती. ती उपाशी होती, आणि आम्ही सगळे मिळून दोन महिने तिला आणखी उपाशी मारत होतो.

मी शाळेतून भिंग आणलं. जेटच्या अंगावर भोकाच्या मापाचा बारीक आकडा कोरलेला होता: नव्वद. मिस्त्रींनी माझ्या हातातून भिंग घेतलं, आकडा पाहिला, मिशी चावली आणि “एवढ्या इंजनाले हे बारीक हाय,” असं पुटपुटले. मग म्हणाले, “मॅडम, मी बी खडूच धरतो आता.” त्या एका वाक्यानं माझा दोन महिन्यांचा राग उतरला. माणूस मोठा.

त्यांच्या दुकानात गोळीच्या जुन्या डबीत जेट होती, वर्षानुवर्षं जमवलेली. ती घेऊन ते रोज शाळा सुटायच्या वेळेला यायला लागले. तेल मोजायला मी प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणलं: चाळीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, थेंबभर इकडे तिकडे नाही. सुई परत वरच्या घरात. पहिल्यांदा पंच्याण्णवचं जेट. पाळीच्या पायथ्याच्या सपाट रस्त्यावर अंगठा पूर्ण दाबून मी गाडी पळवली आणि जोरात असतानाच स्विच बंद केला, म्हणजे प्लगवर कामाच्या वेळचा रंग राहील. मिस्त्रींनी लगेच प्लग खोलला. चुन्यासारखा पांढरा. म्हणजे अजूनही उपाशी.

शंभर. प्लगच्या कडेला किंचित पिवळसरपणा. “बुऽऽ” कमी झालं, पण गेलं नाही.

बाबा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. त्यांना प्लग पाहायची गरज नव्हती. एकशे दहाचं जेट टाकल्यावर गाडी घोगरी झाली, मधेमधे गुळण्या केल्यासारखा आवाज. “आता जास्त झालं,” बाबा डोळे न उघडता म्हणाले. “पोट तट्ट फुगलं तिचं.” प्लग काळा, ओला. त्यांचं बरोबर.

एकशे पाच. मी अंगठा दाबला आणि माझ्या खालून एकसारखा, गच्च, मोकळा आवाज निघाला, आणि गाडीनं मला मागे ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा मागे ढकललं जाणं मला आवडलं. मी स्विच बंद केला. मिस्त्रींनी प्लग काढून तळहातावर ठेवला आणि बाबांकडे नेला. दूध बेतानं घातलेल्या चहाचा रंग. बाबांनी डोळे उघडून तो पाहिला आणि परत मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं होतं. ते धुराचं होतं म्हणाले, पण गाडी आता फारसा धूर काढत नव्हती.

रोवण्याचा पहिला दिवस उजाडला. बांद्या पाण्यानं भरलेल्या, पांदण लोण्यासारखी मऊ. बाबा शेजाऱ्याच्या बैलगाडीतून पुढे गेले. भाऊ नागपूरहून पहाटेच निघाला होता, ठेकेदाराला घेऊन. मी जेवणाचे डबे कॅरिअरला बांधले, कुबडी त्यांच्याखाली दोरीनं दोनदा आवळली, आणि निघाले. पांदणीत चिखल टायरच्या खाचांमधून उडून माझ्या पाठीवर येत होता. पाठीवर म्हणजे माझ्याच, कारण पुढे कुणी नव्हतं. पाळीचा चढ समोर आला. कपडे धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी वेग घेतला नाही, मुद्दाम. पायथ्यापासून अंगठा दाबला आणि खेकडा एका दमात, एकदाही न अडखळता, वर गेला. माथ्यावर पोचल्यावर मी थांबले. डावीकडे तलाव, उजवीकडे आमच्या बांद्या, आणि माझ्यासमोर कुणाचीच पाठ नव्हती. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण खाली बांदीतल्या बायांनी ओरडूनच उत्तर दिलं.

बांदीवर मी पोचले तेव्हा भाऊ कुठेच नव्हता. माझ्यामागून आलेली त्याची कार पांदणीच्या तोंडाशीच रुतली होती. अर्ध्या तासानं तो दिसला, पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट हातात, आणि मागे ठेकेदार तशाच अवस्थेत. तोवर दोन बायांनी मला धरून बांदीत उतरवलं होतं, कॅलिपर काढून. बाबांनी धुऱ्यावरून पऱ्ह्यांची पेंढी माझ्या हातात दिली. दरवर्षी ते स्वतःसाठी उचलायचे तशीच. मी वाकून चार चार काड्या चिखलात रोवल्या. वाकड्या रोवल्या, हे कबूल आहे. एका बाईनं माझ्यामागून त्या सरळ केल्या आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं.

“मालकीणबाई,” बाबांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ह्या बांदीत किती बाया लावाच्या?”

“आठ,” मी म्हटलं. मला काहीच कल्पना नव्हती. बाबा म्हणाले, “आठ बरोबर.”

भाऊ धुऱ्यावर उभा राहून सगळं पाहत होता. तो ठेकेदाराकडे वळला आणि म्हणाला, “काका, माफ करा. घरचं मानूस निघालं.” ठेकेदार भला माणूस, तो हसला आणि आमच्या डब्यातलं जेवून गेला.

दुपारी निघताना भाऊ गाडीभोवती घोटाळत राहिला. टायरला लाथ मारून पाहिली, प्लगची टोपी चाचपली. मी बटण दाबलं, इंजिन पहिल्याच झटक्याला धरलं. मग तो लहानपणी चिखल्याच्या कॉलनीत काही मागायचा त्या आवाजात म्हणाला:

“ताई, पांदणीपर्यंत मले मागं बसू दे ना.”

कॅरिअरवर डबे रिकामे होते. मी ते पुढे घेतले. तो चढून बसला, आणि कुठे धरावं ते त्याला कळेना, कारण आजवर त्याला ते कधी शिकावं लागलं नव्हतं. मी त्याचे दोन्ही हात ओढून माझ्या कमरेवर ठेवले.

“नीट धरून बस,” मी म्हटलं, आणि अंगठा दाबला.